पेटीतला समुद्र

"चौथा गेला," बन्सी म्हणाला, आणि त्यानं तळहातावरचा शंख मेहताबपुढं धरला. शंखातून खेकड्याचे पाय बाहेर लोंबत होते.

"नीट बघ. झोपला असंल."

"झोपल्यावर असा वास येतो व्हय?" राधाकृष्णानं विचारलं. तो तेरा वर्षांचा, तिघांत मोठा. त्यामुळं कडू बोलायचं काम आपलंच आहे असं तो धरून चालायचा.

मेहताबनं शंख नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि तिनं वहीत लिहिलं : चौदा मे, खेकडा चौथा. वही सहादेव सरांची होती. पहिल्या पानावर सरांच्या सुबक अक्षरात यादी होती : शंखातले खेकडे सहा, गोगलगाई दहा, मासे दोन, समुद्रफूल एक. आता खेकडे दोन उरले होते आणि गोगलगाई तीन.

त्र्याहत्तर सालचा मे महिना चालला होता. खर्ड्यापासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात नदीच्या जागी वाळू होती, विहिरीच्या जागी खड्डा होता, आणि एक दिवसाआड टँकर यायचा. अशा गावात सरांनी समुद्र आणायचं ठरवलं, तेव्हा लोक सरांकडं जरा निराळ्याच नजरेनं बघू लागले होते. पण सरांनी तो आणला. मेहताबचे शमशेर मामू मार्चात ट्रक घेऊन रत्नागिरीला आंबे भरायला गेले, त्यांनी येताना लोणच्याच्या मोठाल्या बरण्या भरून खारं पाणी आणलं, समुद्राची वाळू आणली आणि जीव चिकटलेले दगडही आणले. त्यातल्या एका दगडावर ते समुद्रफूल होतं. जांभळट देठ, वर शेवयांसारखे मऊ हात. गोड्या पाण्यातला मासासुद्धा न पाहिलेली पोरं त्याच्यापुढं तास तास उभी राहायची.

सरांनी विज्ञानाच्या खोलीत लाकडी चौकटीत काचा बसवून पेटी केली. पेटी काठोकाठ भरली, की जादा पाणी एका नळीतून खालच्या रांजणात पडायचं. रांजणात वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि कोळसा असे थर होते. घाण तिथं अडकायची. रांजणाच्या बुडाशी बूच होतं. तिथून गाळलेलं पाणी प्लास्टिकच्या मगात काढायचं आणि पेटीवर टांगलेल्या माठात खालूनच, हात उंच करून ओतायचं. माठाला भोक, भोकात कापसाची वात. पिंडीवर गळती धरतात तसं थेंब थेंब पाणी पुन्हा पेटीत. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून सगळा कारभार हातानं. सकाळी बन्सी, दुपारी राधाकृष्ण, संध्याकाळी मेहताब.

"उन्हानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं," सरांनी बजावलं होतं. "म्हणून कमी पडेल तेवढं गोडंच पाणी घाला. आणि लोखंड लावू नका, गंजतं." त्या गोड्या पाण्यासाठी तिघं आपापल्या घरच्या हंड्यातून रोज तांब्याभर पाणी आणत, आणि त्यापायी रोज बोलणी खात.

सर शिक्षकांच्या शिबिराला पुण्याला गेले, ते जाताना खोलीची किल्ली मेहताबच्या हाती देऊन. "पाच जूनला येतो. बाकीचं काहीही होऊ दे, फूल जगव," ते म्हणाले होते. मामूंचा ट्रक आता दुष्काळी कामावर खडी वाहत होता. म्हणजे हा समुद्र संपला, की दुसरा मिळणार नव्हता. एक बरणी तेवढी राखून ठेवलेली होती.

"मला एक कळत न्हाई," राधाकृष्ण म्हणाला. "मासे कसे मजेत हायेत? पानी वाईट असतं तर आधी मासे मेले असते."

हे खरंच विचित्र होतं. मासे दणकून खात होते. मरत होती ती हाडं नसलेली मंडळी.

"टँकरच्या पान्यात औषध टाकतात," बन्सी म्हणाला. "आमची आई म्हनती, चहाला दवाखान्याचा वास येतो."

संशय बरा होता. मेहताबनं गोडं पाणी दोन दिवस पसरट थाळ्यात उन्हात ठेवून मग पेटीत घालायला सुरुवात केली. आठवड्यात उरलेले दोन्ही खेकडे गेले आणि दोन गोगलगाई. समुद्रफुलाचे हात आखडले.

"मग कुनीतरी खोलीत येतंय," राधाकृष्णानं जाहीर केलं. "दुसरी किल्ली आक्काबाईकडं हाय. ती फिनेल लावून फरशी पुसती. तोच हात ती पेटीत घालत असंल."

आक्काबाई शाळेची झाडलोट करायची. बाई खमकी. तिला सरळ विचारण्यापेक्षा वाघाचे दात मोजलेले बरे, यावर तिघांचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं नकाशांच्या कपाटामागं दडून बसली. तिथं कोळ्यांची जाळी होती, आणि बन्सीला शिंक आवरायला नाक दाबून ठेवावं लागलं.

थोड्या वेळानं आक्काबाई आली. हातात ना बादली ना फिनेल. तिनं स्टुलावर चढून पेटीवरचं गळतीचं भांडं सोडवलं, राहिलेलं पाणी मगात ओतलं, आणि भांडं पायरीवर नेऊन चिंच आणि राख घेऊन घसघसा घासलं. लखलखीत करून, पदरानं पुसून, त्याला हात जोडून पुन्हा टांगलं.

हे भांडं तांब्याचं होतं. मेच्या सुरुवातीला सरांचा माठ तडकला, तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी ते आपण होऊन दिलं होतं. भोकसुद्धा त्यांनीच पाडून आणलं, आणि वर कोरून घेतलं : कै. बनुबाई यांचे स्मरणार्थ. सरांसकट सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. मातीपेक्षा तांबं केव्हाही चांगलं.

राधाकृष्ण ओशाळून कपाटामागून बाहेर आला. "आक्काबाई, तुमी रोज घासता हे?"

"घासायला नगं? आप्पासायबाच्या आईचं नाव हाय त्याच्यावर. काळं पडलं तर मलाच बोल लागंल. अन् तुमी तिघं तिथं उंदरं धरताय का?"

तिघं हसली. मेहताबला तर तिच्यावर संशय घेतल्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं घरून मूठभर चिंच आणून आक्काबाईला दिली.

मग आक्काबाई लेकीच्या बाळंतपणाला जामखेडला गेली. चार दिवस भांडं कुणी घासलं नाही. तोवर शेवटची गोगलगाय मेली आणि समुद्रफूल आवळ्याएवढं झालं. चौथ्या दिवशी वात तुंबली म्हणून मेहताब स्टुलावर चढली. तिनं भांड्यात डोकावून बघितलं आणि ती तशीच उभी राहिली.

"काय हाय?" बन्सीनं खालून विचारलं.

तिनं भांडं सोडवलं आणि ते छातीशी धरून ती पळत सुटली. मागून दोघं.

मेहताबचे अब्बा, बाबाजान, पंचक्रोशीतले कल्हईवाले. ते लिंबाखाली भात्यापाशी बसले होते. लोक आमटीची, ताकाची पितळी भांडी आणायचे, बाबाजान ती तापवून आतून कथलाचा पांढरा हात फिरवायचे. या साली आमटीच कुणाची शिजत नव्हती, त्यामुळं भाता गार होता.

त्यांनी भांडं उजेडात धरलं. आतून सगळीकडं हिरवट निळी बुरशी चढल्यासारखं दिसत होतं. त्यांनी बोट फिरवलं.

"कळकलंय. काय ठेवलं हुतं ह्यात? ताक?"

"पानी, अब्बा."

"पान्यानं न्हाई कळकत. पान्याच्या हंड्याला कुनी कल्हई लावतं का? सारा गाव तांब्याचं पानी पितो."

"समुद्राचं पानी."

बाबाजानांनी बोटाला लागलेलं हिरवं फडक्याला पुसलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मीठच की. मीठ तांब्याला खातं, बेटा. हे हिरवं जहर असतं. मानसाला वांती हुती, मग बारक्या जिवाचं काय?"

"पर ते तर रोज घासत हुते," राधाकृष्ण म्हणाला. "चिंचेनं. चकचकीत दिसायचं."

"चिंचेनं वरचं हिरवं गेलं, अन् रोज नवं कोरं तांबं पान्याला खायला मिळालं."

मेहताबनं भांडं आपल्याकडं ओढलं. "चिंच मी नेऊन दिली, अब्बा. मी नेऊन दिली." कल्हईवाल्याच्या घरात जन्म काढून तिला हे सुचलं नव्हतं. ताक, आमटी, लोणचं, सगळं तिला ठाऊक होतं. पण पेटीत होतं ते पाणी, आणि पाणी म्हटलं की तांब्याकडं कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही.

बन्सीनं विचारलं, "चाचा, आता कल्हई केली तर?"

"भांडं बरं हुईल, पोरा. पान्यात उतरलं ते आता निघायचं न्हाई."

रडायला वेळ नव्हता. राखून ठेवलेली बरणी उघडून त्यांनी ते पाणी प्लास्टिकच्या घमेल्यात ओतलं आणि फुलाचा दगड त्यात हलवला. पण दगड नीट टेकवायच्या आतच आप्पासाहेब दारात उभे. भांड्यात जहर निघालं म्हणून पोरांनी ते काढलं, हे कुणीतरी पोचवलं होतं.

"माझ्या आईच्या भांड्यात इख हाय म्हनता? पाच पिढ्या तांब्याचं पानी पितोय आमी! उद्याच्या उद्या हुतं तिथं टांगा. पेटीला काय न्हाई झालं, तुमालाच ऊन लागलंय."

मेहताब काही बोलणार तोच राधाकृष्णानं तिचा हात दाबला आणि चेहरा अगदी गरीब केला.

"तसं न्हाई, आप्पासाहेब. आमाला वाटलं, आजींच्या नावाचं पानी खेकड्यानं प्यायचं का मानसानं? टँकरपाशी बाया उन्हात दोन दोन घंटे उभ्या असतात. तिथं एकाला घोटभर पानी मिळत न्हाई. तिथं हे भांडं ठेवलं, तर आजींचं नाव साऱ्या गावाच्या तोंडी ऱ्हाईल. हितं बंद खोलीत कोन वाचतंय?"

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. जरा वेळ छताकडं बघितलं. "माझ्या मनात हेच हुतं," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत बाबाजानांनी भोक बुजवलं, भांडं घासूनपुसून दिलं, आणि टँकरच्या थांब्यावर पाणपोई उभी राहिली. आपण एका तासात समितीच्या अध्यक्षांना गुंडाळलं, हे राधाकृष्ण पुढं कित्येक दिवस सांगत होता. पण त्या संध्याकाळी तिघंही घमेल्यापाशी बसली होती.

फूल उघडलं नाही. पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मेहताब घमेल्यावर ओलं फडकं धरून बसायची, पाणी तापू नये म्हणून. पाचव्या दिवशी एक हात जरासा हलला असं बन्सी शपथेवर म्हणाला. बाकी कुणाला दिसलं नाही. पाच जूनला सकाळी फुलानं दगड सोडला आणि ते पाण्यावर तरंगत घमेल्याच्या कडेला लागलं.

दुपारच्या मोटारीनं सहादेव सर आले. त्यांच्या मागोमाग आप्पासाहेब, जामखेडहून परतलेली आक्काबाई, बाबाजान, सगळे खोलीत जमले. राधाकृष्णानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सरांनी वही पानापानानं वाचली.

"प्रयोगशाळेतसुद्धा इतक्या नेटक्या नोंदी ठेवत नाहीत," ते म्हणाले. "मासे जगले आणि बाकीचे मेले, हे तुम्ही टिपलंत. कारण शोधून काढलंत. चूक माझी आहे. मी लोखंडाचं सांगितलं, तांब्याचं मला सुचलंच नाही."

"पोरं लई डोक्याची," आप्पासाहेब म्हणाले. "पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं तिघांचा सत्कार करू. माझ्याकडनं."

आक्काबाईनं डोळ्याला पदर लावला आणि तिघांच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

सर मेहताबजवळ उकिडवे बसले. "शाबास, मेहताब. मनापासून सांगतो. असा शोध लावायला मोठी माणसं लागतात."

मेहताबनं वर बघितलं नाही.

"सर, तुमी फूल जगवायला सांगितलं हुतं," ती म्हणाली. "शोध लावायला न्हवतं सांगितलं."

सरांनी हातातली वही मिटून खाली ठेवली. एवढ्यात वेशीवर टँकरचा भोंगा वाजला. आप्पासाहेब, आक्काबाई, बाबाजान, सगळे घाईघाईनं आपापले हंडे आणायला निघाले. बन्सीला त्याची आई हाका मारत होती, तो आणि राधाकृष्णही गेले. मेहताब घमेल्यापाशीच बसून राहिली, आणि सर तिच्याशेजारी.