ढगवाडीची राखण

तीन दिवस झाले, आजोबांचं आभाळ आलं नव्हतं.

केतकीचे आजोबा, तात्या खवणेकर, कोकणातल्या एका छोट्या बेटावर दीपगृह सांभाळत. दिवा आता आपोआप लागायचा, पण तात्यांना बेट सोडवेना. तिथे फोन लागत नसे. हवामानाच्या जुन्या यंत्रावर इकडचं वाचता यायचं, पण तिकडून एका वेळी चार शब्द तेवढे जात. ते रोज दुपारी चारला यायचे: "आभाळ मोकळं. मी बरा."

यायचे ते ढगवाडीत. ढगवाडी हे काही खरं गाव नव्हे. आपापल्या डोक्यावरचं आकाश एकमेकांना सांगणाऱ्या तीनशे लोकांचा तो चॅनेल (ऑनलाइन गप्पांची जागा). चार वाजले की कुणी लिहायचं, 'आमच्याकडे उताणं झोपलेलं अस्वल.' शेजारच्या गावाहून लगेच उत्तर यायचं, 'इकडून त्याची पाठ दिसते!' असा दोघांनी दोन बाजूंनी पाहिलेला ढग म्हणजे जोडढग. अकरा वर्षांची केतकी नागपूरच्या गच्चीत बसून हे वाचायची, आणि तेवढा वेळ तिला सगळं आभाळ आपलंच वाटायचं.

ढगवाडी राखायची पाळी दर महिन्याला एकाची. या महिन्यात ती केतकीची होती. मदतीला राखण्या नावाचा रोबो. गच्चीतल्या झाडांना पाणी घालता घालता तो चॅनेलवरही डोळा ठेवायचा.

आणि नेमका याच महिन्यात हल्ला झाला. सोमवारी मिनिटाला दोन हजार निरोप येऊन आदळले: 'घरबसल्या इंद्रधनुष्य! आत्ताच बटण दाबा!' हा स्पॅम (कुणी न मागितलेले, ढिगाने पाठवलेले निरोप). पाठवणारे होते बॉट (माणसाचं सोंग घेऊन आपोआप लिहिणारे प्रोग्राम). खरे ढग त्या ढिगाखाली गडप झाले. वैतागून चाळीस जण ढगवाडी सोडून गेले. केतकीने घाईघाईत राखण्याला नियम दिला, "तेच तेच लिहिणाऱ्याला बाहेर काढ." ढगवाडी शांत झाली. बाईसाहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण आजोबा कुठे गेले? आजारी असतील? पडले असतील? आई म्हणाली, "शनिवारी होडी जाते, तेव्हा कळेल." आज गुरुवार. केतकी गच्चीत धावली.

"राखण्या, बाहेर काढलेले निरोप दाखव बघू."

राखण्याने झारी खाली ठेवली. इंद्रधनुष्यांच्या ढिगात मंगळवारचं एक 'आभाळ मोकळं. मी बरा.' सापडलं. बुधवारची पाच. आजची अकरा.

केतकीला रडूच कोसळलं. उत्तर येत नाही म्हणून बिचाऱ्या आजोबांनी पुन्हा पुन्हा पाठवलं, आणि जितकं पाठवलं तितके ते राखण्याला बॉट वाटत गेले!

"नियम तूच दिलास," राखण्या म्हणाला. "तात्या दिवाळीपासून रोज तेच लिहितात."

"ते रोज तेच लिहितात, कारण ते रोज बरे असतात!"

राखण्याने ते अकरा निरोप पुन्हा वाचले. मग हळूच म्हणाला, "म्हणजे शब्दांवरून ओळखता येणार नाही. मग माणूस ओळखू कशावरून?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं होतं खरं. केतकी गच्चीत उताणी पडली. वरून एक पांढरा ढग निवांत चालला होता. आता तो पलीकडच्या गल्लीतही कुणाला तरी दिसत असेल, असं तिच्या मनात आलं आणि ती ताडकन उठून बसली.

"जोडढग! राखण्या, बॉटच्या डोक्यावर आभाळच नसतं रे. माणसाच्या असतं, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही तेच दिसतं!"

तिने ढगवाडीत विचारलं, 'तात्यांच्या बेटासमोर कोण राहतं? आज तिथे आभाळ कसं आहे?' किनाऱ्यावरच्या रोझीमावशीने उत्तर दिलं, 'मोकळाच आसा गो. आणि दिव्याच्या कठड्यार तात्यांचो पंचो वाळत घातलेलो दिसता.'

पंचा वाळतोय म्हणजे आजोबा हिंडतायत-फिरतायत! केतकी रडता रडता हसली.

तात्यांना तिने लगेच आत घेतलं, आणि तिथल्या तिथे नवा नियम झाला. नवा माणूस आला की त्याने आपलं आकाश सांगायचं. शेजाऱ्याने पडताळणी (एकाचं सांगणं दुसऱ्याने स्वतः तपासणं) केली की दार उघडलं. तोवर तासाला एकच निरोप. जुन्यांपैकी कुणाचा संशय आला, तर हाकलण्याआधी शेजाऱ्याला विचारायचं.

शुक्रवारी सकाळी बॉट पुन्हा आले. 'नागपुरात इंद्रधनुष्य!' बाहेर कडकडीत ऊन. एकाही शेजाऱ्याने दुजोरा दिला नाही. इंद्रधनुष्यं दाराबाहेरच ताटकळली.

"पण उद्या बॉट हवामानाचे आकडे चोरून खरंखुरं आभाळ सांगू लागले तर?" राखण्याने विचारलं.

"सांगू देत. पंचा कुठून आणतील?"

"आणलाच तर?"

"तर आपण आणखी काही शोधू. एकट्याने नाही, शेजाऱ्यांना विचारून."

सोडून गेलेल्यांपैकी नऊ जण दुपारी परत आले. कुणाकडे ढगांचा मोर होता, कुणाकडे ढगांची होडी. चार वाजले. केतकी पडद्याला डोळे लावून बसली.

बेटावरून चार शब्द आले. दिवाळीनंतर पहिल्यांदाच वेगळे.

"पंचा वाळला. तू बरी?"