राखून ठेवलेलं प्रकरण

फेलिसा तो नवस बोलली तेव्हा तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. जारो गावच्या चर्चमध्ये कांदेलारिया मातेपुढे मेणबत्ती लावून ती म्हणाली होती, "माझी सखी पासिंग आपल्या पायांनी माझ्या घरी येईपर्यंत मी या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचणार नाही."

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण फेलिसाला उपास सोपा होता, हे कठीण. दर शनिवारी दुपारी जपमाळ आटोपली की तिच्या माडीवर तिघी जमायच्या: ती, शेजारची पासिंग आणि धाकटी टेरी. तांदळाचा गरम बिबिंगका केक खात, कुणी काय वाचलं ते सांगायचं. खून, चेटकिणी, आग ओकणारे नाग. शेवट मात्र सांगायचा नाही, असा दंडक होता.

"नांग पासिंग," टेरी थोरलीला ताईच्या मानानं गळ घालायची, "एवढंच सांगा, नवऱ्यानंच मारलं ना तिला?"

"नवऱ्याला एवढी अक्कल असती तर ती आधीच सुखी नसती का झाली?"

मग पासिंगच्या छातीत पाणी झालं. दोघींचं एकच पुस्तक अर्ध्यावर होतं. इस्पितळाच्या खाटेवरून तिने बजावलं, "माझ्याआधी शेवट वाचलास तर बघ." तेव्हाच फेलिसा तो नवस बोलली होती.

ती घरी आली ती शवपेटीतच. पाद्रीबाबा म्हणाले, "सुटला गं तुझा नवस." फेलिसाने नकारार्थी मान हलवली. मातेनं अजून नाही कुठे म्हटलंय, असं ती हळूच पुटपुटली.

नऊ दिवसांची प्रार्थना झाली आणि शनिवार आला. बाहेर लख्ख ऊन. टेरी आपली सावली विकणाऱ्या राजाची गोष्ट सांगत होती. जिन्यावर चपला घासल्याचा आवाज आला. एक पायरी, दम, पुन्हा एक पायरी. कापराचा आणि ओल्या मातीचा वास माडीभर पसरला. पासिंगच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीनं कुरकुर केली.

"टेरी... थांब जरा."

"ऐकलं मी, नांग..."

फेलिसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. भीतीचं नव्हे, मातेनं ऐकलं होतं. तिने पुस्तक उघडलं, राखून ठेवलेलं प्रकरण सावकाश, अक्षर न गाळता वाचलं. खुनी सापडला. आता हिला शांती मिळेल, असं म्हणत तिने पुस्तक मिटलं आणि क्रुसाची खूण केली.

खुर्चीतून अगदी हळू आवाज आला, "मग?"

"संपलं गं. पकडला त्याला."

"...मग?"

त्या दिवसापासून फेलिसा वाचतेच आहे. एक पुस्तक संपलं की दुसरं. तिने पासिंगच्या नावानं चर्चमध्ये मिस्सा सांगितल्या, पवित्र पाणी शिंपडलं, माझी सखी सोडव म्हणून मातेच्या पायांशी डोकं टेकलं. काही उपयोग झाला नाही. आधी शनिवारीच येणारी पासिंग रोज येऊ लागली. फेलिसा गप्प बसली की खुर्चीत हुंदके सुरू होतात, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरीसारखे. ते ऐकवत नाहीत.

आता फेलिसाच्याच छातीत पाणी झालंय. आवाज बसलाय. टेरी माडीवर तिच्या उशाशी बसून तिच्याऐवजी वाचते.

"माझ्यामागं तिला कोण गं सांगणार?" फेलिसा म्हणाली. "एकटी बसून राहील बिचारी."

"नांग, असं बोलू नका. बऱ्या व्हाल."

टेरीनं पान उलटलं. खुर्ची कुरकुरली, नेहमीसारखी. आणि मग खिडकीजवळचं लांब बाकडंही कुरकुरलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दाटीवाटीनं माणसं बसावीत तसं. त्या बाकड्यावर त्यांच्यातलं कुणी कधी बसलं नव्हतं.

"हे... हे कोण आहेत?"

"माहीत नाही गं. पासिंगनं तिकडं सांगितलं असेल, इथं वाचतात म्हणून." फेलिसा हसली, फार मायेनं. तिने टेरीचा हात धरला. फेलिसाची बोटं गार होती. "एवढ्या जणांना मी एकटी आता पुरायची नाही. चांगलंसं पुस्तक बघ, टेरी. शेवटचं प्रकरण माझ्यासाठी राखून ठेव, आणि मी आपल्या पायांनी येईपर्यंत वाचणार नाही म्हण. माझ्यासारखाच नवस बोल, बाळ. ऐकशील ना?"