झाडाच्या पलीकडची बाजू

मी सांगतेय ते पटलं नाही तरी चालेल. मी तिथे होते. ताई होती. भाऊजीही होते… निदान जाताना तरी होते.

रात्र वगैरे नव्हती. दुपारचे सव्वाबारा वाजले होते आणि लख्ख ऊन होतं.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वनखात्यात झाडांच्या मोजणीचं काम करतात. दर पाच वर्षांनी त्यांना जंगलातल्या सर्वांत जुन्या झाडाचा घेर मोजावा लागतो. ते जंगल कुणी लावलेलं नाही, मूळचंच आहे. त्या झाडाचं वय कुणालाच नक्की माहीत नाही.

त्या दिवशी त्यांचा सहकारी आजारी पडला, म्हणून आम्ही दोघी मदतीला गेलो. मला सुट्टी होती. एरवी मी दवाखान्यात एक्स-रे काढते.

गाडी फाटकापाशी ठेवून तासभर चाललो. झाड समोर आलं आणि आमची बडबड आपोआप थांबली. खोड कसलं, भिंतच ती. तिच्यामागे एखादी खोली सहज लपली असती.

"याच्याशेजारी मी बारीक दिसतो," भाऊजी म्हणाले.

"याच्याच शेजारी," ताई म्हणाली.

काम सोपं होतं. ताईने टेपचं टोक खोडाला दाबून धरायचं. भाऊजींनी टेप सोडत डावीकडून वळसा घालायचा आणि उजवीकडून बाहेर यायचं. मी आकडा लिहायचा.

ते खोडाआड गेले.

पाचोळा वाजत होता. टेप सालीवर घासत सरकत होती…

मग पाचोळा वाजायचा थांबला.

पाखरंही गप्प झाली होती. कधी, ते कळलंच नाही.

"अहो?" ताईने हाक मारली.



मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली होती. त्या झाडाला वळसा घालायला एक मिनिटही पुष्कळ झालं असतं.

आणि भाऊजी उजवीकडून बाहेर आले. शांतपणे. हात रिकामे.

"टेप कुठेय?" मी विचारलं.

"राहू दे. चला."

मी ताईकडे पाहिलं. तिच्या बोटांतली टेप ताणलेली होती… पलीकडून कुणीतरी ती हळूहळू ओढत होतं.

"अगं, नीट धरलंयस ना?"

आवाज झाडामागून आला. भाऊजींचा.

भाऊजी तर आमच्यासमोर उभे होते. ओठ मिटून.

"ओ देऊ नकोस," ते ताईला म्हणाले.

मी बघायला दोन पावलं टाकली. त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सुटेना.

ताईच्या हातून टोक निसटलं. टेप सरसर करत खोडाआड गेली.

"अगं, सोडलीस का?… कुठे आहात दोघी?… मी इथेच आहे."

आम्ही निघालो. खरं सांगायचं तर पळालोच. वाट वळेपर्यंत तो आवाज येत होता. शेवटी शेवटी तो रडत होता.

गाडीत भाऊजी म्हणाले, "जंगलात आवाज फिरतो." टेप हरवली म्हणून त्यांनी कचेरीत कळवलं. विषय संपला.

या गोष्टीला सात महिने झाले. भाऊजी कामाला जातात, जेवतात, हसतात.

मागच्या आठवड्यात ताई दवाखान्यात आली. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली.

"यांचं हल्ली काहीच चुकत नाही गं," ती म्हणाली. "किल्ल्या हरवत नाहीत. माझ्यावर चिडत नाहीत."

"मग बरंच आहे की."

ती माझ्याजवळ सरकली.

"आपण दोघीच त्या झाडापाशी जाऊ. एकदा हाक मारून बघू. ओ आली नाही, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

मला ड्यूटी आहे, असं मी सांगितलं. तेव्हापासून ती रोज फोन करते. मी रोज तेच सांगते.

ओ आली नाही, तर सुटलोच.

पण आली… तर त्या संध्याकाळी भाऊजी कामावरून आले, बेल वाजली, की ताईने दार कुणासाठी उघडायचं?