साडेसातचा कागद

"अहो, नाकाला खाज सुटलीय..."

त्यांची ओळख झाली ती या वाक्याने. गोष्टीतल्या माणसांचे आधी डोळे भिडतात, मग मनं जुळतात. यांचं सगळं सुरू झालं ते नाकाच्या शेंड्यावरून.

पेशी वेचायच्या मशीनवरची बाई त्या दिवशी रजेवर होती, म्हणून वरच्या मजल्यावरून हिला खाली धाडलेलं. ही नर्स. हात चोख, बोलणं मोजकं. खुर्चीत एक तरुण रेलून बसला होता, दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, मशीन त्यातल्या पांढऱ्या पेशी तेवढ्या वेचून ठेवायचं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून माघारी यायचं. चार तासांचं काम, आणि तोवर कोपर वाकवायचं नाही.

"दोन्ही हात तुम्ही अडकवून ठेवलेत. आता मी करू काय?"

"चार तासांनी खाजवा."

"चार तास हे नाक जागेवर राहिलं तर ना!"

तिला हसू आलं. तिने गॉझचा, जखमेच्या पट्टीच्या मऊ जाळीदार कापडाचा, तुकडा घेतला, वाकली आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावर हलकेच फिरवला.

"जरा डावीकडे... आणखी थोडं... हां! सिस्टर, तुमचे हे उपकार—"

"फिटणार नाहीत, ठाऊक आहे. हलू नका."

तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. त्यामुळे सगळे त्याला पेंटरच म्हणत. रक्ताचा कर्करोग औषधांनी दोनदा हटला होता आणि दोनदा आगंतुकासारखा परत येऊन बसला होता. आता राहिली होती ही एकच वाट. त्याच्याच पेशी प्रयोगशाळेत न्यायच्या, रोग नेमका ओळखायला त्यांना शिकवायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि पुन्हा त्याच्याच अंगात सोडायच्या.

"म्हणजे माझ्या पेशींना शाळेत घालणार?"

"तीन आठवड्यांची शाळा."

"मी स्वतः कधी शाळेत टिकलो नाही हो. त्या टिकतील?"

"तुमच्यावर गेल्या नसतील तर टिकतील."

पिशवीत फिकट गुलाबी थेंब साठत होते. ती बांगडीसारखी वळलेली नळी सरळ करता करता स्वतःशीच गुणगुणली —

*पाखरं धाडली शिकाया दूरदेशी,*
*फांदी गं विचारी, कधी याल घरापाशी...*

"ही कुठली ओवी?"

"कुठली नाही. आत्ता जुळली." ती लाजली, आणि लाजल्याचा राग येऊन उगाच मशीनची बटणं तपासू लागली.

तीन आठवड्यांनी पाखरं परत आली, ती गोठून, वाफाळत्या थंड डब्यातून. आणि तो तिच्याच वॉर्डात दाखल झाला. कोपऱ्यातली खोली, एक खिडकी, आणि उशाशी त्याची मोठी बहीण. ताई तोंडाने फटकळ होती, पण मन लोण्याचं. नर्सने कोमट पाण्यात पिशवी वितळवली, दोघींनी मिळून नाव आणि नंबर ताडून पाहिला, आणि दहा मिनिटांत सगळं त्याच्या शिरेत उतरलं. पेशी गोठवताना घातलेल्या औषधाचा खोलीभर लसणासारखा वास.

"एवढंच?" पेंटर म्हणाला. "मला वाटलं, निदान बँड तरी वाजेल."

"वाजेल," ताई म्हणाली, "तू नीट झोपला नाहीस तर तुझाच."

खरं काम दुसऱ्या दिवसापासून होतं. या पेशी रोगाशी झुंजू लागल्या की त्या धुमाळीत कधीकधी मेंदूलाही झळ लागते. माणूस बडबडतो, शब्द विसरतो, ओळख हरवतो. त्याची पहिली खूण दिसते अक्षरात. म्हणून रोज सकाळी साडेसातला ती कागद घेऊन यायची. साल कोणतं, महिना कोणता, हे काय, ते काय, शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजा... आणि शेवटी एक वाक्य लिहा. वाक्य रोज तेच. बदललं, की विचार करत बसायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. हा नियम.

त्याने वाक्य निवडलं होतं: 'पायरी उंच आहे, सावकाश या.'

"माझी पहिली पाटी. एका जिन्यासाठी रंगवली होती," तो म्हणाला. "तेव्हापासून त्या जिन्यात कुणी पडलं नाही."

अक्षर असं, की कागदाने मिरवावं. वेलांट्या कशा, तर वाकलेल्या फांद्या.

"आल्या साडेसात!" तिची चाहूल लागली की तो म्हणायचा.

"हे काय नाव झालं?"

"मग काय म्हणू? सिस्टर म्हणायला जीभ वळत नाही. बहीण मला आहे, आणि ती एकच पुरून उरलीय."

"ऐकतेय मी," कोपऱ्यातून ताई.

"शंभर," नर्स करड्या आवाजात म्हणायची.

"नव्वद, ऐंशी... आज केस वेगळे बांधलेत... सत्तर, साठ..."

"मध्ये बोलायचं नाही."

"मोजणं चुकलं का? नाही ना? मग लिहा तिथे, मेंदू शाबूत, नजरही शाबूत."

ती मान खाली घालून लिहायची. कागदावर फक्त पहिलंच लिहायची. दुसरं घरी न्यायची, वेणी घालताना आठवायची. एक मात्र तिच्या ध्यानात आलं होतं. अवेळी आत गेलं, की तो घाईने एक वही मिटून उशीखाली सारायचा. नव्या पाटीचा आराखडा असेल, तिला वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला ताप होता. तो येणारच होता. पेशी कामाला लागल्या होत्या. ताई चहा आणायला गेलेली. त्याने साल सांगितलं, महिना सांगितला, शंभरपासून खाली उतरला, आणि वाटेत एकदाही थट्टा केली नाही. मग पेन घेतलं. बराच वेळ लावला. कागद तिच्या हाती दिला.

'साडेसात, उद्यापासून माझ्यासाठी या, कागदासाठी नको.'

अक्षर कापत होतं. फांद्या वाऱ्यात हलाव्यात तसं.

तिच्या छातीत काहीतरी पाखरासारखं फडफडलं — एकदाच. पण वाक्य बदललं होतं. अक्षर हललं होतं. अंगात ताप होता. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला... आणि वर न बघताच बेल दाबली. वर पाहिलं असतं, तर तिच्या तोंडाकडे टक लावून, श्वास रोखून बसलेला एक शुद्धीवरचा माणूस तिला दिसला असता.

डॉक्टर धावत आले. औषध सुरू झालं. आणि दुपारपर्यंत खरोखरच त्याची शुद्ध हरवली. पेनला तो पाणी म्हणू लागला, ताईला आई. "तुम्ही सकाळीच ओळखलंत म्हणून वेळेवर आवरलं," डॉक्टर म्हणाले. "शाब्बास."

त्या शाब्बासकीने शिक्का मारला. ते वाक्य तापाचं होतं, त्याचं नव्हतं.

तीन दिवस तो छताकडे बघत पडून होता. त्यातल्या एका दुपारी, ताई जेवायला गेल्यावर, ती त्याच्याजवळ बसली. त्याचा हात हातात घेतला, आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "येईन. कागद नसला तरी येईन..."

तो छताकडेच बघत राहिला.

मग ताप उतरला. शब्द एकेक करून घरी परतले. तपासण्या झाल्या, रोगाचा मागमूस नाही. घरी जायच्या दिवशी शर्टाची बटणं लावता लावता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं,

"त्या सकाळी... बेल वाजवलीत ना, तेव्हा मी काय लिहिलं होतं हो?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. याला आठवत नाही, तिला वाटलं. तापातल्या माणसाचं बोलणं पदरात पाडून घेणं म्हणजे झोपलेल्याच्या बोटातली अंगठी काढून घेणं. आणि सांगितलं नि तो नुसता हसला तर?

"रोजचंच," ती म्हणाली. "पायरीचं."

 तो हसला — नेहमीपेक्षा जरा कमी.

"बरं... रोजचंच."

आणि शेवटचं बटण लावून तो गेला.

वर्ष गेलं. वर्षाच्या तपासणीला तो येणार, हे तिने महिनाभर आधीच यादीत पाहून ठेवलं होतं. त्या सकाळी तिने केस वेगळे बांधले. बारा महिने मनात घोळवलेलं एकच वाक्य होतं: खरं सांगू? तुम्ही रोजचं लिहिलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर ताई भेटली. गळ्यातच पडली.

"कसा टुणटुणीत झालाय बघा! पुढच्या महिन्यात लग्न आहे त्याचं. मुलगी गुणाची आहे, शाळेत शिकवते. आलीय बरोबर, आत बसलीत दोघं."

"अरे वा," तिच्या तोंडून आलं.

"आता सांगायला हरकत नाही," ताईने आवाज खाली आणला, "तुमच्यावर फार जीव होता हो त्याचा. चार दिवस वहीत एकच वाक्य गिरवत होता. मी हसले, तर म्हणे, ताई, दुकानाची पाटी नाही ही, खोडून परत रंगवता यायची नाही. हात कसा कापायचा माहितेय? बिनतापाचा! म्हटलं, उद्या लिही बाबा, किती गिरवशील... नंतर घरी जाताना गाडीत म्हणाला, मी विचारलं तिला, ताई. ती रोजचंच म्हणाली. मला न दुखवता नाही म्हणाली." ताईने तिचा हात थोपटला. "चांगलंच केलंत तुम्ही. झुलवत ठेवलं नाहीत."

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कुणास ठाऊक.

आत तो उभा राहिला. केस दाट आले होते. शेजारी साध्या चेहऱ्याची एक मुलगी, मांडीवर त्याचं जाकीट नीट घडी करून घेतलेली.

"आल्या साडेसात," तो म्हणाला, आणि मग त्या मुलीला, "यांच्यामुळे वाचलो बरं का मी. एका नजरेत ओळखलं यांनी."

नर्सने फाईल उघडली. जुने कागद ओळीने लावलेले. पाचव्या दिवसाचा वर आला. त्याने पाहिला. तिनेही पाहिला. दोघांच्या मध्ये तो कागद. मग तिने त्यावर नवा कोरा कागद ठेवला.

"एक वाक्य लिहा."

त्याने पेन घेतलं. या वेळी वेळ लावला नाही.

'पायरी उंच आहे, सावकाश या.'

"बघा, अक्षर ठीक आहे ना?"

"सुंदर आहे," ती म्हणाली. तळाशी छापलेला प्रश्न होता, आधीच्या नमुन्यापेक्षा काही बदल? तिने लिहिलं: नाही. तिच्या अक्षराची मात्र त्या दिवशी कुणी तपासणी केली नाही.

निघताना दाराशी तो वळला. काहीतरी बोलणार होता बहुतेक... तेवढ्यात थांबला, आणि त्याने स्वतःचं नाक खाजवलं. दोघांनाही हसू आलं.

आता त्याचे दोन्ही हात मोकळे होते. आणि तिच्या खिशातला गॉझचा तुकडा तिच्या मुठीतच चुरगळत राहिला.