ट्रेम्बाथांचं घर

हेस्टर पीठ मळत होती आणि घर एकाएकी उजवीकडे कललं. पिठाचा डबा घरंगळत दारापर्यंत गेला. दार उघडून बघते तो काय, पायरी हातभर खाली, घराखाली ओंडके सरकवलेले आणि पुढं खेचरं जुंपलेली!

"अहो, माझं घर कुठं चाललंय?"

ओंडक्याआडून धुळीनं माखलेला एक चेहरा वर आला. "हे पेनरोजचं घर ना?"

"पेनरोज शेजारी. हे ट्रेम्बाथांचं! उचलण्याआधी दार ठोठावायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?"

"गावात कुणी उरलं असेल असं वाटलंच नाही..." तो ओशाळून हसला.

त्याचं नाव लुका. नेवाडातल्या या गावातली खाण बंद पडली होती. वाळवंटात लाकूड मिळणार कुठून? म्हणून वीस मैलांवरच्या नव्या खाणीकडे गेलेली माणसं आपली घरंही मागवून घेत आणि लुका ती ओढून नेई. हेस्टरचे वडील मात्र इथल्याच टेकडीवर पुरलेले, म्हणून ती राहिली. दिवसचे दिवस तिला स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे.

लुका पंधरवड्याला एक घर न्यायला येई. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लावी.

"खेचरं दमलीत," कॉफी पिता पिता तो म्हणे.

"खेचरं की तुम्ही?"

"खेचरं खोटं बोलत नाहीत... त्यांनाच विचारा."

ती हसायची. मग खिडकीतून उरलेली घरं मोजायची. सात. चार. शेवटी एकच, न्हाव्याचं दुकान.

ते दोरांनी बांधून झालं तशी लुकानं टोपी काढली. "आता इकडं यायला काही निमित्त उरलं नाही."

"नाही..." हेस्टर म्हणाली.

तो वळला. सगळं रिकामं गाव तिच्या अंगावर आलं. हा गेला तर आपण इथं जिवंतपणी पुरले जाऊ, हे तिला लख्ख कळलं.

"लुका! माझं घर राहिलंय की."

"पण... तुमचे बाबा?"

"बाबा असते तर म्हणाले असते, पोरी, मेलेल्यांना कसली सोबत लागते!"

तो जवळ आला. "कुठं नेऊन ठेवू?"

"तुम्ही कुठं राहता?"

"मी? गाडीखाली झोपतो. चाळीस घरं ओढली, पण एकाही घरात कुणी 'बस' म्हटलं नाही... तुमच्याखेरीज."

"मग तुम्हाला आवडेल तिथं ठेवा," तिनं त्याच्या बाहीवरची धूळ झटकली, "आणि आत राहायला या."

लुकानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग न्हाव्याच्या दुकानाचे दोर सोडू लागला.

"अहो, न्हावी वाट बघत असेल ना?"

"बघू दे," लुका म्हणाला. "मीही पुष्कळ बघितली."