एर्मेस उभा राहील तिकडे

एर्मेस पेलिझ्झारीने सगळ्या नेमबाजी क्लबासमोर जाहीर केलं, की मी दुरुस्त केलेली रिव्हॉल्वर डावीकडे मारते. तेही रविवारी, निखाऱ्यांवर मांसाच्या सळया फिरत असताना, म्हणजे झाडून सगळे हजर असताना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या या खोऱ्यात निम्मी घरं बंदुकीवर जेवतात. इथे कारागिराचं नाव गेलं की त्याने बकऱ्या वळायला जावं.

काम मी जीव ओतून केलं होतं. जुन्या घडणीबरहुकूम बनणाऱ्या या नव्या रिव्हॉल्वरांचं ठरलेलं दुखणं असतं. गोळ्या भरायच्या फिरत्या चाकीचे कप्पे नळीपेक्षा अरुंद असतात, शिशाची गोळी कप्प्यात दाबतानाच सोलवटते आणि नळीत सैल पडते. मी कप्पे नळीच्या मापाला आणले, नळी घासली, नेम धरायची टोकावरची माशी उंच बसवली. आणि क्लबाचे अध्यक्षमहाशय एर्मेस म्हणतात, डावीकडे!

"दारूवर रवा घातला होतास का?" मी नीवेसला विचारलं. आमच्यातली सर्वांत चांगली नेमबाज ती; रिव्हॉल्वर तिनेच चालवली होती. बंदुकीच्या दारूवर उरलेला कप्पा रव्याने भरला की गोळी पार तोंडाशी बसते.

"घातला, मास्तर. सगळं रीतसर केलं."

"रव्यावर कशाला ढकलतोस, फाउस्तिनो?" एर्मेस म्हणाला. ती गोळ्या झाडत असताना तो तिच्या डाव्या बाजूला दुर्बीण लावून बसला होता. "चष्मा बदल. नाहीतर क्लबाचं काम दुसऱ्याला देतो."

मी रिव्हॉल्वर शिकंज्यात आवळली, म्हणजे माणसाच्या हाताचा प्रश्नच नको. गोळ्या झाडल्या. सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली जातील अशी, पण मध्यापासून वीतभर डावीकडे.

मग मी ती उलटी आवळली. दोष नळीत असता तर आता गोळ्या उजवीकडे जायला हव्या होत्या. त्या डावीकडेच गेल्या. वारा नव्हता. धूर सरळ वर चढत होता आणि गंधकाचा वास घशात बसला होता.

एर्मेसला खोकला आला. दुर्बीण उचलून तो उजवीकडे जाऊन बसला.

पुढच्या गोळ्या वीतभर उजवीकडे लागल्या. शिकंज्याला मी बोटही लावलं नव्हतं.

"एर्मेस, जरा परत डावीकडे बस," नीवेस हळूच म्हणाली.

तो बसला. गोळ्या डावीकडे गेल्या.

"दोष तुझ्यात आहे," मी म्हणालो. मी संतापलो होतो, निदान मला तरी तेव्हा तो संतापच वाटला.

"ऐकलंत का? नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. एर्मेसने रिव्हॉल्वर शिकंज्यातून काढली, स्वतः भरली आणि हात लांब करून झाडली.

सगळ्या गोळ्या बरोबर मध्यात लागल्या.

टाळ्या पडल्या. माणूस दिलदार, हे कबूल करायला हवं. "शब्द मागे घेतो," तो म्हणाला. "असा कारागीर खोऱ्यात नाही. नीवेस, तो निशाणाचा कागद आण, सही करून देतो. दुकानात लाव."

नीवेस कागद घेऊन आली. एर्मेसने सही केली आणि तो पुन्हा चाकी भरू लागला. माझं नाव मला परत मिळालं होतं.

मी कागद उजेडात धरला. गोळी शिरते त्या बाजूला भोकाभोवती शिशाची करडी कडी उमटते, आणि निघते त्या बाजूला कागद फाटतो.

फाटके काठ सहीच्या बाजूला होते. करड्या कड्या कागदाच्या पाठीमागे. म्हणजे गोळ्या पलीकडून, एर्मेसच्या दिशेने परत आल्या होत्या.

"एर्मेस, बस झालं. ठेव ती खाली."

"कौतुकही सोसवत नाही याला," तो म्हणाला आणि त्याने घोडा ओढला.

मी त्याच्या बरोबर मागे उभा होतो. नीवेसने माझी बाही धरून मला बाजूला ओढलं.