काजळीखालचा सांधा

ग्राइंडरची चकती थांबली आणि भंगारवाल्या शेठच्या तोंडून शिवी निघाली. कापलेला डबा त्याने उलटा करून आपटला. आतून चिमूटभर काळी भुकटी पडली, बाकी काही नाही.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा शेठने गाडी घेऊन आलेल्या मिस्त्रीला पत्र्याच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली होती.

"आधी त्याला बाहेर काढा," बाई म्हणाल्या. "कोंडायचं काम माझं. आता सांगा."

शेठने सांगितलं. जुनी गाडी मोडण्याआधी तिच्यातलं मोलाचं काढून घेतात. बॅटरी, रेडिएटर, तांब्याच्या तारा. सगळ्यात मोलाचा कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा, गाडीच्या पोटाखालचा स्टीलचा डबा. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि जाळीवर प्लॅटिनमचा थर. ती जाळी धरूनच गाडीचा भाव ठरला होता आणि पैसेही दिले होते. डबा उघडला, तर जाळीच नाही.

"गाडी आणली कोणी?"

"या मिस्त्रीनेच. आज सकाळी, दोर बांधून ओढत. तिची दुरुस्ती पहिल्यापासून हाच करतो."

गाडीचे मालक नाना एका पडलेल्या टायरवर बसले होते. निवृत्त बसड्रायव्हर, अजूनही शर्टाचं वरचं बटण लावून बाहेर पडणारे. त्यांच्यामागे थोरला मुलगा हाताची घडी घालून उभा होता.

"दुसरं कोण करणार, बाई?" मुलगा म्हणाला. "नानांनी याला डोक्यावर बसवून ठेवला होता. मी म्हणत होतो, अख्खी गाडी वजनावर देऊन टाका, उघडाउघडी हवी कशाला? पण नानांना याच्याच ओळखीचा शेठ पाहिजे."

मिस्त्रीने नानांकडे पाहिलं. "नाना, तुम्ही तरी बोला."

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "तू असं करशील, वाटलं नव्हतं."

मिस्त्रीचा चेहरा पडला. चोरीचा आळ आलेल्या गॅरेजसमोर उद्यापासून कोणी सायकलसुद्धा उभी करणार नव्हतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

बाई डब्यापाशी उकिडव्या बसल्या. आत बोट फिरवलं. काजळी जाड होती, रंगाच्या थरासारखी चिकटलेली. रॉकेलचा बोळा मागून त्यांनी ती घासून काढली. डब्याची जी वरची बाजू गाडीच्या तळाकडे असते आणि खालून कधीच दिसत नाही, तिथे एक चौकोनी सांधा निघाला. कोणीतरी तेवढा तुकडा कापून जाळी काढली होती आणि तोच तुकडा परत जोडला होता. बाईंनी सांध्यावरून आतल्या बाजूने नख ओढलं. ते कुठेही अडकलं नाही.

मग त्या गाडीकडे गेल्या. "तळाला हे ठिगळ कोणाचं?"

"माझं," मिस्त्री म्हणाला. "पत्रा कुजला होता."

त्यावर नख पावलोपावली अडकलं. "हे वेल्डिंग आहे की खडीचा रस्ता?"

"पत्रा धरला की नाही, बाई? गाडीखाली झोपून बघतंय कोण?"

बाई नानांसमोर येऊन बसल्या. "गाडी चालवणं का सोडलंत?"

"वास मारायला लागली. धुराच्या तपासणीत दर खेपेला नापास. थोरला म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, नाना, तुमचा पाय जड झालाय. नको तेवढं पेट्रोल जाळता." त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "जन्मभर बस चालवली. पण म्हातारपण स्वतःला थोडंच दिसतं? किल्ली देऊन टाकली."

"वास कधीपासून?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा गाडी महिनाभर या थोरल्याकडे होती. परत हातात आली तेव्हापासून. मला वाटलं, सवय मोडली म्हणून असेल."

"त्या महिन्यात मिस्त्रीकडे गेली होती?"

"गेली होती की," मुलगा पटकन म्हणाला.

"आली होती," मिस्त्रीही मुलाकडे बोट करत म्हणाला. "ऑइल बदललं आणि यांच्यासमोरच परत दिली."

बाईंनी हात पुसले. सहज विचारावं तसं मुलाला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"दुधाच्या टाक्या बनवतो. स्टीलच्या. वेल्डिंग विभाग माझ्याकडेच आहे."

"अवघड काम असेल."

"अवघड म्हणजे? सांधा बाहेरून कोणीही चांगला करील. आमचा आतून बघायचा. कणभर खडबड राहिली की दूध अडकतं, नासतं. म्हणून टाकीत वेगळा वायू भरून मगच जोडतो. आतून हात फिरवा, सांधा सापडणार नाही."

हे बोलताना त्याचा चेहरा खुलला होता. बाईंनी डबा त्याच्या हातात दिला.

"फिरवा हात."

त्याने हात फिरवला नाही.

"शेठ," बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे गाडी आज आली, तीही ओढत. जाळी तुम्ही किंवा मिस्त्रीने आज काढली असती, तर उघड्या पडलेल्या स्टीलवर काजळी बसलीच नसती. ती सांध्यावरही बसली आहे. म्हणजे जाळी गेल्यावर गाडी पुष्कळ चालली. जाळी गेली, म्हणून वास सुटला. वास सुटला ऑपरेशननंतर. त्या महिन्यात गाडी दोघांच्या हातात होती. मिस्त्रीचं काम तुम्ही बघितलंत. धुराच्या डब्याचा सांधा आतून कोणी गुळगुळीत करत नाही, गरजच नसते. ज्याच्या हाताला तेवढी एकच रीत ठाऊक आहे, तोच करतो. आणि तोच म्हणतो, न उघडता वजनावर द्या."

मुलाने डबा शेठच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "जुनी गाडी होती. त्या जाळीचं यांना काय करायचं होतं?"

"जाळीचं सोड," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या पायाला बोल कशाला लावलास?"



"माझे पैसे परत द्या आणि विषय संपवा," शेठ म्हणाला. "मला कोर्टकचेरी नको."

"डबा नानांचा, चोरीला गेलं तेही नानांचं," बाई म्हणाल्या. "तक्रार त्यांनी द्यायची. देता, नाना?"

नाना उठून आधी मिस्त्रीसमोर गेले. "माझं चुकलं."

"तुमच्या मुलाचं मला काही नाही, नाना. तो मला ओळखत नव्हता. तुम्ही ओळखत होता." मिस्त्रीने गाडीचा दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि मागे न बघता फाटकाबाहेर गेला.

बाई अजून थांबल्या होत्या. "तक्रार, नाना?"

नानांनी फाटकाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"राहायचं याच्याच घरात आहे, बाई," ते म्हणाले, आणि मुलाच्या मागोमाग चालू लागले.